शब्दांच्या यादीबद्दल भाचीला

कऱ्हाड,
रविवार

चि. सोनू,


काल ताईचा फोन आला होता. तू जीआरईसाठी रोज शंभर शब्द पाठ करतेस, रात्री एकपर्यंत जागतेस, आणि सकाळी त्यातले पंधराही आठवत नाहीत म्हणून रडकुंडीला येतेस, असं ती सांगत होती. मराठी शाळेत शिकल्यामुळे आपलं इंग्रजी कच्चंच राहणार, असंही तू तिला म्हणालीस म्हणे. ते ऐकून राहवलं नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

आधी त्या यादीचं. साडेतीन हजार शब्दांच्या याद्या गाजल्या तेव्हा या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द थेट विचारत. ऑगस्ट २०११ पासून ते प्रश्न बंद झाले. आता शब्द वाक्यातच भेटतो. कुठे रिकाम्या जागा भरायच्या असतात, कुठे सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. दोनांपैकी एक चुकला तरी गुण शून्य. भाषेच्या भागात २७ प्रश्न आणि ४१ मिनिटं. शब्द नुसता ओळखीचा असून तिथे भागत नाही, तो कुठे शोभतो आणि कुठे खटकतो हे कळावं लागतं.

मी शिकवत होतो तेव्हा एका हुशार मुलाने परदेशी विद्यापीठाला पाठवायचा अर्ज मला दाखवायला आणला. त्यात त्याने स्वतःला कॉलेजातला ‘नोटोरिअस’ विद्यार्थी म्हटलं होतं. त्याच्या यादीत त्या शब्दापुढे ‘प्रसिद्ध’ एवढंच छापलेलं होतं. बिचाऱ्याने पाठांतर चोख केलं होतं. ‘कुप्रसिद्ध’ हा शब्द त्याला जन्मापासून येत होता, पण दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती. त्या मुलाचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

आता तुझ्या आजीचं घे. दुधाच्या पिशव्या धुऊन ती दोरीवर वाळत घालायची, आणि दारी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. तिला कुणी चिक्कू म्हटलं असतं तर तू त्याच्याशी भांडली असतीस. ‘फ्रूगल’ म्हणजे आजी. ‘पार्सिमोनिअस’ म्हणजे तो चिक्कू माणूस. यादी दोघांपुढे ‘कमी खर्च करणारा’ असं लिहून मोकळी होते. तसंच ‘ऑब्स्टिनेट’ हट्टी, ‘टनेशस’ चिवट, ‘रेझोल्यूट’ निग्रही. या तिघांतला फरक मराठीत तू झोपेतसुद्धा सांगशील. परीक्षेला नेमका हाच फरक हवा असतो, आणि तो ओळखणारा कान तुला घरातूनच मिळाला आहे. म्हणून इंग्रजी शब्दापुढे ढोबळ अर्थ लिहू नकोस. त्याच छटेचा मराठी शब्द सापडेपर्यंत थांब. एका शब्दाला दहा मिनिटं लागली तरी लागू देत.

दहावीला तुझं संस्कृत होतं, तेही कामाला येईल. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं, आणि इंग्रजीतले जड शब्द बहुतेक या ग्रीक-लॅटिन घराण्यातलेच. ‘अनॉनिमस’ फोडून बघ: अन् आणि नाम. ‘इग्नाइट’मध्ये आपला अग्नी आहे. ‘सब्जुगेट’मधलं ‘जुग’ म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. जुवाखाली आणणं म्हणजे अंकित करणं. ‘इम्पीड’मध्ये पाद आहे, आणि त्याचा मूळ अर्थच पायांत बेडी अडकवणं असा आहे. आपण पायात खोडा घालणं म्हणतो ना, तेच! असा उलगडलेला शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही.

मात्र तोंडावळ्यावर विसंबू नकोस. ‘एनर्वेट’ ऐकायला ‘एनर्जी’सारखा वाटतो, पण त्याचा अर्थ शक्ती काढून घेणं. ‘रेस्टिव’ माणूस विसावलेला नसतो, तो चुळबुळत असतो. ‘अपॉलॉजिस्ट’ माफी मागत नाही, एखाद्या मताची बाजू लढवतो. अशांसाठी वहीत वेगळं पान ठेव.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तू पाहिलेला नसशील. १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट उघडतो. रोज एक घरगुती शब्द त्यात काढ, लोचट किंवा खवचट असला काही. त्यापुढे इंग्रजी शब्दांची रांग दिसेल. काही आता जुनाट झालेत, ते सोड. पण ओळखीच्या माणसाचा हात धरून अनोळखी गावात शिरावं, तसं इंग्रजी तिथे समजतं.

रोज शंभर शब्दांचा हट्ट सोड. दहा पुरेत. आलेल्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून चिठ्ठ्या कर. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला तू स्वतः रचलेलं वाक्य. लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये सांगितलेली पद्धत आहे: चिठ्ठ्या खणांच्या डब्यात ठेवायच्या; आठवलेली चिठ्ठी पुढच्या खणात जाते आणि उशिरा परत येते, चुकलेली पहिल्या खणात येते आणि उद्याच पुन्हा भेटते. रात्री एकपर्यंत जागण्यापेक्षा हे बरं. आणि रोज एक लांब लेख वाच, विज्ञानाचा, इतिहासाचा, कशाचाही. तिथे ‘ऑल्दो’ किंवा ‘डिस्पाइट’ दिसलं की थांब आणि पुढे वाक्य कुठे वळणार ते आधी मनात सांगून बघ. रिकाम्या जागांचं अर्धं उत्तर त्या वळणात असतं.

दर रविवारी सकाळी मला फोन कर आणि आठवड्यातले पाच शब्द वाक्यांसकट ऐकव. वाक्यं आपल्या घरातली, आपल्या गल्लीतली असू देत. पुढच्या रविवारी मी नऊ वाजता वाट पाहतो.

तुझा,
मामा