कंट्रोल गटातल्या बायका

‘निदान चर्चा तरी झाली ना!’ २०२४च्या फेब्रुवारीत पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच कॅमेऱ्यासमोर आल्या आणि हे सगळं जागृतीसाठी केलं म्हणाल्या. तेव्हा नाक मुरडून झाल्यावर आपल्याकडच्या बऱ्याच सुजाण मंडळींनी हेच वाक्य उच्चारलं. मला राग आला तो या मंडळींचा. नटीने एका दिवसाचं नाटक केलं. ‘खेड्यातल्या बायकांत जागृतीच नाही हो’ हे नाटक मात्र कित्येक वर्षं हाउसफुल्ल चाललं आहे, आणि त्याचे प्रेक्षक बहुतेक व्यासपीठावरच बसलेले असतात.

जागृती नव्हती? बीड जिल्ह्यात तर ती ओसंडून वाहत होती. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आकडे आले: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढून टाकलेली. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला सांगितलं जाई, पिशवी खराब झालीय, ठेवलीस तर कॅन्सर होईल. मुकादमाची उचल डोक्यावर, खाडा झाला की दंड; ती कर्ज काढून शस्त्रक्रिया करून मोकळी होई. तिला कॅन्सर हा शब्द ठाऊक होता, त्याची धास्तीही होती. पिशवीच्या तोंडाची साधी तपासणी करून घे, असं मात्र तिला कुणी म्हटलं नाही. चाचणीशिवायची जागृती ही शस्त्रक्रिया विकणाऱ्याला फुकटात मिळालेली जाहिरात असते.

इथवर माझं भांडण सोपं आहे. बार्शी ते अवघड करते. डॉ. भगवान नेने यांनी त्या तालुक्याच्या गावी कॅन्सरचं रुग्णालय उभारलं आणि १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवायची, एवढंच तिचं काम. पण नोंद करायला कागद तरी हवेत! खेड्यात ते नव्हतेच. म्हणून रजिस्ट्रीची माणसं गावोगाव जाऊन लक्षणं सांगू लागली, संशयित बाईला बार्शीला पाठवू लागली. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं. निव्वळ बोलण्याने! तेव्हा जागृतीला सरसकट झोडपणं मला परवडणारं नाही. फरक एवढाच, की ही माणसं त्याच गावात पुन्हा जात आणि त्यांच्या शब्दामागे एसटीने गाठता येईल असं रुग्णालय उभं होतं.

मग आला मोठा प्रयोग. लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन, टाटा मेमोरियल आणि नेन्यांची बार्शीची मंडळी यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे खेड्यांच्या ५२ समूहांनुसार चार गट केले. तीन गटांना प्रत्येकी एक चाचणी, आयुष्यात एकदाच: विषाणू शोधणारी एचपीव्ही, पेशी तपासणारी पॅप किंवा व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी. बोलावलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के बायका आल्या. (अडाणी, लाजाळू, अंधश्रद्ध वगैरे.) निष्कर्ष २००९ मध्ये छापून आला. एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू. चौथ्या गटात, म्हणजे ज्यांना चाचणी दिलीच नाही त्या कंट्रोल गटात, ६४.

त्या चौथ्या गटाबद्दल एरिक सुबा या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने रान उठवलं. उस्मानाबाद, मुंबईच्या झोपडपट्ट्या आणि तमिळनाडूतलं दिंडिगल, अशा तीन ठिकाणच्या प्रयोगांत मिळून सुमारे १ लाख ३८ हजार स्त्रियांना तपासणीविना ठेवलं आणि त्यांतल्या किमान २५४ या कॅन्सरने गेल्या, असं त्याने २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये लिहिलं. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत कधीच दिसलं होतं, मग पुन्हा मृत्यू मोजायचे कशाला? संशोधकांचा बचावही पोकळ नव्हता. कमी पैशांत, थोड्या प्रशिक्षणाच्या नर्सच्या हातून, आयुष्यात एकदाच केलेली तपासणी पुरते का, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि कंट्रोल गटाला त्या भागातली ‘प्रचलित सेवा’ खुलीच होती.

प्रचलित सेवा! मी या शब्दांपाशी फार वेळ अडून बसलो आहे. खेड्यातल्या बाईसाठी प्रचलित सेवा म्हणजे शून्य. ते शून्य तिच्या गरिबीने आणि शासनाच्या आळसाने तयार केलं, आणि प्रयोगाने त्याला शास्त्रीय पायरेषेचा मान दिला. नियमात बसतं, मान्य. पण हाच प्रयोग पुण्याच्या कोथरुडात मांडून दाखवा. तिथल्या बायका कंट्रोल गटात बसतील का?

तरीही सुबाच्या बाजूने सही करताना माझा हात अडखळतो. प्रयोगातल्या चौथ्या गटाला निदान शेवट होता. निष्कर्ष छापल्यानंतर उरलेल्या देशाचं काय झालं? तीन कॅन्सरच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं यायला २०१६ उजाडलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणींना कोणत्याही समितीने संमतिपत्र दिलेलं नाही. त्यांच्यासाठी कुणी लेख लिहून रान उठवत नाही, कारण त्या कुठल्याच प्रयोगात नाहीत.

आपण दिवाळी अंकवाले दरवर्षी एक देवमाणूस डॉक्टर शोधतो, त्याचा साधेपणा, मोडकी जीप, पत्नीचा त्याग छापतो. नेन्यांचंही तसं करता येईल, पण त्यात त्यांचं खरं काम हरवेल: नोंदवही आणि पुन्हा त्याच दारात जाणं. पुढारी हवाच, हे मला बार्शीने मान्य करायला लावलं. पण तो असा हवा, जो तालुका आरोग्य अधिकाऱ्याला वेळापत्रकावरून भंडावून सोडेल. एचपीव्हीच्या चाचणीचा अहवाल हाती यायला वेळ लागतो, बाईला पुन्हा बोलवावं लागतं; आणि ऊसतोड टोळी तर दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरवर बसून कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघते, ती उन्हाळ्यात परतते. डिसेंबरात शिबिर घेऊन ‘प्रतिसाद मिळाला नाही’ असा शेरा मारायला कुणालाही जमेल. चाचणी जून-जुलैत, अहवाल ऑगस्टात आणि उपचार मुकादमाचा ट्रॅक्टर हलायच्या आत, हे जमवायचं आहे.