यंत्राची संगत

संगत हा शब्द मराठींत दोन ठिकाणीं वावरतो. मुलगा कोणाच्या संगतींत असतो याची घरांत चौकशी होते, आणि तबल्यावर संगत कोणाची होती याची बैठकीनंतर चौकशी होते. दोन्ही ठिकाणीं अर्थ एकच आहे: ज्याचा परिणाम आपल्यावर होतो आणि आपला ज्याच्यावर होतो, असा सोबती. हा अर्थ ध्यानांत ठेवूनच हल्लीं घरोघरीं, आणि सभागृहांतूनही, ऐकूं येणाऱ्या यांत्रिक साथीचा विचार केला पाहिजे.

१९७० नंतरच्या दशकांत बंगळूर येथील अभियंते व बांसरीवादक जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा सिद्ध केला. पुढें यांत्रिक तबला आला, लेहरा आला, आणि आज हीं सर्व साधनें खिशांतील मोबाइलांत सामावलीं आहेत. त्यांची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल. ज्या गांवीं तबलजी नाहीं तेथील विद्यार्थ्यास, किंवा घरचीं कामें आटोपल्यावर रात्रीं तासभर गाऊं पाहणाऱ्या गृहिणीस, त्यांनीं विद्येचें दार उघडून दिलें. शिवाय रियाजांत यंत्राची निष्ठुरता हा गुणच ठरतो. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा तें कोणाचीही भीड न धरतां मोजतें. मुखडा चुकला तर चूक झांकण्यास तेथें कोणी नसतें.

परंतु अभ्यासांत जो गुण, तोच मैफलींत उणेपणा होतो. चांगला तबलजी गवयाच्या श्वासावरून पुढची तान ओळखतो; गवई रंगांत आला म्हणजे लय किंचित् वाढूं देतो; तो मात्रा चुकला तर ठेका स्पष्ट करून त्यास समेची वाट दाखवितो. प्रसंगीं तोच असें कांहीं वाजवितो कीं, गवयास आपला बेत बदलावा लागतो. गंधर्व नाटक मंडळींत अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी होती. त्या संगतीनें गाण्यास नुसता आधार मिळत नसे, उत्तर मिळत असे. यंत्र उत्तर देत नाहीं. तें कधीं रुसत नाहीं, आग्रह धरीत नाहीं, आणि म्हणून गाणारास दुसऱ्याचें ऐकण्याची गरजच उरत नाहीं. ज्याला नेहमीं आज्ञाधारक सोबतीच लाभतो, त्याचा स्वभाव कसा बनतो हें सांगावयास गायनशास्त्र नको.

यावर कोणी म्हणेल, 'लांकडी तंबोरा तरी कोठें ऐकतो? तोही एकच नाद अखंड देतो. मग तारा बोटांनीं छेडल्या काय आणि विजेनें काय!' आक्षेप वजनदार आहे, आणि नादापुरतें पाहिलें तर त्याचें खंडन करण्याची आम्हांस इच्छाही नाहीं. परंतु तंबोऱ्यामागें एक मनुष्य बसतो. बहुधा तो शिष्य असतो. गुरूच्या मागें बसून तो तासन्‌तास तारा छेडतो, खूण झाली म्हणजे एखादा स्वर भरतो, आणि आवाज साथ देत नसतांही बैठक कशी सांवरावी हें पाहतो. हें शिक्षण शिकवणीच्या खोलींत मिळत नाहीं. व्यासपीठावर डबी ठेविली म्हणजे नाद राहतो, पण ती जागा जाते. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि वाद्याचा गौरव करावा आणि तें धरून बसणारास मात्र उठवावें, यांत विसंगति आहे.

खर्चाची अडचण आम्ही जाणतों. दोन साथीदारांची बिदागी लहान मंडळास जड जाते. पण मखर लहान करून, हारतुरे कमी करून ती भागविता येते कीं नाहीं, हें चालकांनीं आधीं पहावें. काटकसर करतांना सर्वांत प्रथम माणूसच वगळावा, ही संवय संगीतापुरती राहत नाहीं.

तेव्हां घरीं रियाजास यंत्र खुशाल असावें. एकांतांत तें उत्तम पंतोजी आहे. परंतु चार माणसें ऐकावयास बोलाविलीं म्हणजे ऐकणारा एक तरी माणूस गाणाराच्या शेजारींही बसला पाहिजे. मोजणारा आणि ऐकणारा यांत जें अंतर आहे, तेंच साथ आणि संगत यांत आहे.