आडोशाची पुळण

पुतणीने आमच्यासाठी तक्ता केला होता. पाच बंदरं, प्रत्येक बंदरापुढे तीन-तीन किनारे, टॅक्सीचं भाडं, खुर्चीचं भाडं, कपडे बदलायला जागा आहे की नाही, आणि शेवटच्या रकान्यात लाल अक्षरांत जहाजावर परतायची वेळ. ती न्यू जर्सीत कुठल्याशा कंपनीत कामांची वेळापत्रकं आखते. सुट्टीलाही तिला मुदत लागते. "काका, बाकी सगळं मी बघते. तुम्ही दोघांनी फक्त किनारे निवडायचे." सान हुआनहून निघणारी सात रात्रींची ही सफर तिने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून दिली होती. त्यामुळे 'मला गुहागरचा समुद्र पुरे आहे' हे वाक्य मी गिळलं.

निवडायचं म्हणजे आधी वजाबाकी. जहाज आठला धक्क्याला लागतं, साडेचारला सगळे आत हवेत. उतरणाऱ्यांची रांग, टॅक्सी भरेपर्यंतचा खोळंबा, जाणं-येणं, शिवाय उशीर नको म्हणून आधीच काढून ठेवलेला एक तास. हाती चार तास उरतात. चार तासांत बेट कळत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून माणसं किनारा मागतात. किनारा हा बेटाचा असा तुकडा, की जो न समजताही उपभोगता येतो. देवळात गेलं तर निदान देव कोणता हे विचारावं लागतं. पुळणीवर पंचा टाकला की झालं.

पहिला थांबा सेंट थॉमस. हे आणि शेजारची बेटं मिळून अमेरिकेने १९१७ साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला विकत घेतली. गाड्या अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे, आणि रहदारीही डावीकडूनच. त्यामुळे घाटातल्या प्रत्येक वळणाला ही माझा दंड घट्ट धरत होती. उघड्या ट्रकवर बाकं टाकून केलेल्या टॅक्सीला तिथे सफारी म्हणतात. तक्त्यात पहिल्या क्रमांकावर असलेला मेगन्स बे डोंगरापलीकडे आहे: खोल आत वळलेला, सुमारे दीड किलोमीटर लांब, पाणी इतकं निवांत की लाट येते ती उपचारापुरती. आर्थर फेअरचाइल्ड नावाच्या धनिकाने १९४६ साली ही जागा बेटावरच्या लोकांना देऊन टाकली. आज पाहुण्यांकडून प्रवेश शुल्क घेतात. त्याचं मला काही वाटलं नाही. राखायचं म्हटलं की देवराईलाही खर्च येतोच. त्या दिवसाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. किनारा सुंदर होता, आणि तेवढं म्हटलं की बोलणं संपत होतं.

बोलणं सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी, सेंट किट्सला. बेटाच्या आग्नेय टोकाकडे जाताना टिमथी हिल नावाची एक टेकडी लागते. तिथे बेट इतकं चिंचोळं होतं की मान न हलवता दोन्ही समुद्र दिसतात. डावीकडे अटलांटिक, फेसाळलेला, करडा. उजवीकडे कॅरिबियन, इस्त्री केल्यासारखा. मध्ये मूठभर जमीन. टॅक्सीवाल्याने गाडी थांबवली, बोट ओलं करून वर धरलं आणि म्हणाला, वारा कुठून येतो ते बघा म्हणजे इथलं सगळं कळेल.

मी कोकणातला. समुद्रावर जायचं तर तिथी बघायची, उधाण आहे की भांग हे विचारायचं, ही माझी सवय. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरांहून वर चढतं. ओहोटीला गेलेला माणूस परत येईतो पायवाट बुडालेली असते. कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी हातभरसुद्धा नसतो. तिथे किनारा चंद्र ठरवत नाही, वारा ठरवतो. ईशान्येकडून बारा महिने येणारा वारा बेटांच्या पूर्व अंगावर आदळतो, पश्चिम अंग आडोशाला राहतं. बंदरं बव्हंशी आडोशाला, म्हणून जहाजं आडोशाला, म्हणून पाहुणेही आडोशाला. तक्त्यातल्या पंधरा किनाऱ्यांपैकी उघड्या अटलांटिकला तोंड देणारा एकही नव्हता, हे मला त्या टेकडीवर उमगलं. पुतणीने मुद्दाम वगळले नव्हते. चार तासांच्या माणसाला ते कोणी सुचवतच नाही.

शाळेत आम्ही या वाऱ्यांना 'व्यापारी वारे' म्हणून पाठ केलं. 'ट्रेड विंड्स' या इंग्रजी नावातल्या 'ट्रेड'चा मूळ अर्थ मात्र व्यापार नव्हे. पूर्वीच्या इंग्रजीत 'ट्रेड' म्हणजे वाट, ठरलेली चाल. एका वाटेने नेमाने वाहतात ते हे वारे. पुढे शब्दाचा अर्थ सरकला आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी सरकलेला अर्थ उचलला. चूक म्हणावी, तर इतिहासाने ती खरी करून ठेवलेली. याच वाऱ्यांवर कोलंबस आला, याच वाऱ्यांवर आफ्रिकेतून माणसं भरलेली जहाजं आली, त्यांनी ऊस पिकवला. आता याच वाऱ्यांबरोबर सार्गासम येतं. २०११पासून अटलांटिकमधून हे तपकिरी शेवाळ प्रचंड प्रमाणात वाहत येऊन पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर साचतं, कुजतं आणि सडक्या अंड्यांसारखा वास सोडतं. टेकडीवर उभं असताना डावीकडून तो वास येत होता. आम्ही मुकाट्याने उजवीकडे उतरलो.

अँटिग्वा बेट ३६५ किनाऱ्यांची जाहिरात करतं, वर्षाच्या दर दिवसाला एक. ही म्हणाली, "आणि अधिक महिन्यात?" टॅक्सीवाल्याला अधिक महिना समजावून सांगण्यात आमची वाट कधी संपली ते कळलं नाही. पण पाण्यात उतरताना मला लेखिका जमैका किंकेड आठवली. ती इथलीच, सेंट जॉन्स गावातली. १९८८च्या 'अ स्मॉल प्लेस' या छोट्या पुस्तकात ती पर्यटकाला समोर उभं करून थेट 'तू' म्हणते आणि विचारायला लावते, की तुझ्या हॉटेलातलं सांडपाणी कुठे जातं, तू पोहतोस त्या पाण्यात तर नाही? ते पुस्तक वाचल्यावर निळं पाणी निव्वळ निळं राहत नाही. तरी मी पोहलो. किंकेडचं म्हणणं पटतं, आणि उकाडाही असतो.

मुळात पाण्याकाठी मजेला जाणं हीच नवी रीत आहे. आलँ कोर्बँ या फ्रेंच इतिहासकाराने १९८८ सालीच दाखवून दिलं, की युरोपातल्या माणसाला समुद्रकिनाऱ्याची ओढ लागली ती साधारण १७५० ते १८४०च्या दरम्यान. त्याआधी समुद्र म्हणजे भय, वादळ, मेलेल्या माशांचा वास. आपल्याकडे भयापेक्षा अदब जास्त. जुन्या धर्मशास्त्राने पिंपळ आणि समुद्र एका ओळीत बसवले: दोघांची सेवा करावी, पण पिंपळाला शनिवारावाचून आणि समुद्राला पर्वावाचून शिवू नये. आमच्या घराचं तोंड रस्त्याकडे; समुद्राकडे गोठा, माड आणि त्यापलीकडे सुरूची रांग. आजी नारळी पौर्णिमेला पाण्यात पाय बुडवायची, एरवी नाही. तिला कोणी 'समुद्र दिसेल अशी खोली' जास्त भाड्याने दिली असती, तर वाऱ्याने भांडी वाजतील म्हणून तिने ती नाकारली असती.

सेंट लुशियाला पांढऱ्या वाळूचा भ्रम फिटला. बेट ज्वालामुखीचं, पीटन नावाचे दोन उभे सुळके २००४पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. अशा बेटाची स्वतःची वाळू काळसर. पांढरी वाळू लागते ती प्रवाळाची: शिंपले, चुनखडीचं शेवाळ आणि पॅरटफिशची विष्ठा यांची. हा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेला चुना बारीक करून मागे सोडतो. ज्या वाळूवर नवदांपत्यं फोटो काढतात तिच्यातला काही भाग असा माशाच्या आतड्यातून आलेला. आणि या दोन सुळक्यांच्या मधोमध असलेल्या एका आलिशान हॉटेलापुढची वाळू तर बाहेरून आणून, काळीवर पांढरी पसरलेली. ही म्हणाली, "मुलगी दाखवताना पावडर लावायचे ना, तसं." मी त्या वाळूवर बसलो. खालची काळी वाळू टाचेने उकरून बघायचा मोह झाला, पण हॉटेलचा माणूस बघत होता.

बघत होता, पण हाकलू शकत नव्हता. या बेटावर किनारे कायद्याने सगळ्यांचे. हे सगळीकडे नाही. जमैकात १९५६च्या किनारा नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला समुद्रस्नानाचा सरसकट हक्क दिलाच नाही; त्यावरून आजही कोर्टकज्जे चालू आहेत. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावर लाबादी आहे. १९८६पासून ही जागा एका जहाज कंपनीकडे भाड्याने, भोवती कुंपण. जानेवारी २०१०च्या भूकंपात राजधानी जमीनदोस्त झाली, त्यानंतर आठवड्याच्या आत लाबादीला जहाज लागलं आणि प्रवासी पाण्यात उतरले. जहाजातून मदतीचं सामानही आलं, आणि थांबा रद्द केला तर तिथल्या लोकांची रोजी बुडेल असंही सांगितलं गेलं. दोन्ही खरं होतं. तरी त्या दिवशी आरामखुर्चीत पाय कसे पसरले असतील, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. जहाज कंपन्यांच्या खाजगी बेटांचं आकर्षण मला याचसाठी समजतं: तिथे हा प्रश्न उगवूच नये अशी सोय असते. उतरल्यावर समोर फक्त समुद्र, आणि माणसं दिसतात ती नावाची पट्टी लावलेली.

शेवटचं बेट बार्बाडोस. इथे मात्र मी तक्ता बाजूला ठेवला. धक्क्यापासून केन्सिंग्टन ओव्हल चालत जाण्याइतकं जवळ. १९७१ साली याच मैदानावर मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी १५० आणि गावसकरांनी नाबाद ११७ धावा केल्या. जून २०२४मध्ये रोहित शर्माने विश्वचषक जिंकल्यावर खेळपट्टीचा कण तोंडात घातला तोही इथेच. हिचं म्हणणं, बंद मैदानाच्या फाटकाला हात लावून काय मिळणार? मी म्हटलं, समुद्राला हात लावून काय मिळतं? मग आधी फाटक, नंतर समुद्र असं ठरलं. फाटक बंदच होतं. मी हात लावला.

तिथून गावातली खाडी ओलांडून कार्लाइल बेपर्यंत चालत निघालो. वाटेत माडांखाली उभं राहिल्यावर घरच्यासारखं वाटलं, आणि त्याला कारणही आहे. माड कॅरिबियनचा नव्हेच. पोर्तुगीजांनी तो हिंदी महासागरातून केप व्हर्दला नेला आणि तिथून सोळाव्या शतकात तो या बेटांवर आला. २०११च्या एका जनुकीय अभ्यासाने अटलांटिककाठच्या माडांचं मूळ भारताच्या दक्षिण टोकाच्या आसपास नेऊन ठेवलं आहे. जगभरच्या जाहिरातींत कॅरिबियनची खूण म्हणून वाकलेलं ते झाड आपल्याकडचं. इथलं मूळचं किनाऱ्यावरचं एक झाड म्हणजे मँचिनील. फळ लहान सफरचंदासारखं, गोडसर म्हणतात, आणि जहाल विषारी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी कातडीवर फोड येतात. बार्बाडोसला त्याच्या बुंध्यावर तांबडा पट्टा रंगवतात. वाळूची धूप थांबवायला ते लागतं, म्हणून तोडत नाहीत. पाहुण्यांच्या पत्रिकेत माडाचं चित्र असतं, मँचिनीलची सूचना तळाशी बारीक अक्षरांत.

साडेनऊला पोचलो. इथले लोक पहाटेच समुद्रात उतरतात. त्याला ते 'सी-बाथ' म्हणतात आणि आपण सकाळी फिरायला जातो तितक्या नेमाने करतात. आमच्या जहाजातली गर्दी यायची होती, गावातली बहुतेक परतली होती. मधल्या त्या रिकाम्या वेळात एक वयस्कर बाई डोक्याला टोपी घालून गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या होत्या, पोहत नव्हत्या, नुसत्या उभ्या. वाळूवर, पाण्याच्या अगदी कडेने, खोल गोल ठसे उमटले होते. आधी मला कळेना. मग बाजूला लीद दिसली.

"घोडे," त्या पाण्यातून म्हणाल्या. जवळच्या गॅरिसन मैदानावरच्या शर्यतीच्या घोड्यांना पहाटे इथे आणतात, खोल पाण्यात पोहवतात, खारं पाणी पायांना चांगलं म्हणून. "उशीर केलात. उजाडता उजाडता येऊन गेले." तक्त्यात या किनाऱ्यापुढे 'कासवं दिसतात, खुर्ची दहा डॉलर' एवढंच होतं.

एका ठशात पाणी साठलं होतं आणि त्यात बोटाच्या पेराएवढा खेकडा कडेवरून पुन्हा पुन्हा घसरत होता. ओहोटी-भरतीचा जोर नसल्याने ते ठसे पुसले जात नव्हते. आमच्याकडे तासाभरात नाहीसे झाले असते. मी पंचा त्या ओळीपासून जरा लांब टाकला, चष्मा बुटात ठेवला आणि पाण्यात शिरलो. ही केव्हाच पुढे गेली होती. मी गळ्याइतक्या पाण्यात पोचलो तोवर त्या दोघी समुद्र, घोडे, नातवंडं सगळं आटोपून गुडघेदुखीवर आल्या होत्या.