नदीला नाव आहे

॥ श्री सद्गुरुनाथाय नमः ॥



दांडिया बाजार, रावपुऱ्याकडून फतेगंजात सत्संगाला येताना काळ्या घोड्याजवळचा पूल लागतो. रिक्षात मुलं विचारतात, "आजी, ही कुठली नदी?" आम्ही सांगतो, "नाला आहे रे, नाक धर." महाराज नामाचं महत्त्व सांगून थकत नाहीत, आम्ही माळ ओढतो, आणि दारच्या नदीचं नाव मात्र तोंडात येत नाही!

विश्वामित्री. उगम पावागडावर. विश्वामित्र ऋषींनी तिथे तप केलं अशी श्रद्धा, म्हणून हे नाव. त्यांची गाय दरीत पडली, तेव्हा दरी भरून द्या असं त्यांनी देवांना विनवलं. देवांनी पाठवलेला डोंगर बहुतेक जमिनीत गेला, पाव भाग वर राहिला, तो पावागड, असंही सांगतात. पुढे ही नदी ढाढरला मिळते आणि ढाढर खंबातच्या आखाताला.

गायत्री मंत्र ज्यांचा, तेच हे ऋषी. ऋग्वेदात (मंडल ३, सूक्त ३३) त्यांचा नद्यांशी संवाद आहे. विपाशा आणि शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास-सतलज, भरून वाहत होत्या. भरतांचे गाडे पलीकडे न्यायचे होते. ऋषी चिडले नाहीत (त्यांचा राग आपल्याला ठाऊक आहेच). त्यांनी नाव घेतलं, आई म्हटलं, बहीण म्हटलं. पाणी गाड्याच्या कण्याखाली राहू दे म्हणून विनवलं. लेकराला पाजायला आई वाकते तशा नद्या वाकल्या. फक्त म्हणाल्या, हे बोलणं विसरू नकोस.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या विश्वामित्रीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. घरांत पाणी, रस्त्यावर मगरी. आम्ही नदीला काय काय बोललो! पाणी ओसरल्यावर जिन्याखालच्या गाळात प्लॅस्टिकची पिशवी सापडली, घट्ट गाठ मारलेली. आत कुजलेला हार, नारळाची शेंडी आणि आपल्या महाराजांचा जुना फोटो. कोणी टाकली ते विचारायचं तोंड नव्हतं. गुरुपौर्णिमेनंतर अशा पिशव्या आम्हीच पुलावरून सोडल्यात, वर हात जोडून.

तर येत्या गुरुवारपासून निर्माल्य सुटं आणा, डब्यात किंवा कापडी पिशवीत. केंद्रामागे खड्डा केला आहे, त्यात खत होईल. जुने फोटो नदीत सोडू नका, सेवेकरी ताईंकडे द्या.

गेल्या गुरुवारी पूल आला तेव्हा आमच्यातल्या एकीने नातीला नाव सांगितलं. पोरीने रिक्षाबाहेर तोंड काढून "विश्वामित्रीऽऽ" अशी हाक मारली. रिक्षावाल्या काकांनी रिक्षा हळू केली.

— सेवेकरी भगिनी, फतेगंज