कंपवात आणि मेंदूतील दाह

पार्किन्सन्सच्या आजारात, म्हणजे कंपवातात, मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातील डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी मरत जातात. उरलेल्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे गोळे साचतात; त्यांना लेवी बॉडी म्हणतात. या आजाराचा विचार अनेक दशके चेतापेशींपुरताच झाला. १९८८ मध्ये कॅनडातील पॅट्रिक मॅक्गीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत नेमक्या याच भागात चवताळलेल्या मायक्रोग्लिया पेशींची दाटी दाखवली, आणि चेतापेशींच्या शेजाऱ्यांकडे लक्ष गेले.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतच कायम वस्तीला असलेल्या रोगप्रतिकारक पेशी. एरवी त्या बारीक फांद्या पसरून आसपासचा भाग चाचपत असतात. मेलेल्या पेशींचा कचरा गिळणे, चेतापेशींमधले निरुपयोगी जोड छाटणे ही त्यांची रोजची कामे. धोका जाणवला की त्यांचा आकार पालटतो आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ यांसारखी दाहकारक द्रव्ये व ऑक्सिजनची घातक संयुगे त्यांच्यातून बाहेर पडतात. सबस्टॅन्शिया नायग्रात या पेशी विशेष दाट असतात, आणि तिथल्या डोपामिन पेशी मुळातच ऑक्सिडीकरणाच्या ताणाखाली जगतात. त्यामुळे तिथला दाह फार महागात पडतो.

यावरचा आक्षेप रास्त आहे. पेशी मरतात म्हणून मायक्रोग्लिया जमतात. त्या जमल्या म्हणून पेशी मेल्या, हे कशावरून? याचे सर्वांत बोलके उत्तर एका दुर्घटनेतून मिळाले. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात हेरॉइनचा कृत्रिम पर्याय म्हणून विकलेले द्रव्य टोचून घेतलेली काही तरुण माणसे थोड्याच दिवसांत जागच्या जागी थिजली. त्या द्रव्यात एमपीटीपी हा विषारी पदार्थ तयार झाला होता, असे विल्यम लँगस्टन यांनी दाखवून दिले. १९९९ मध्ये अशा तिघांच्या मेंदूंची मृत्यूनंतरची तपासणी प्रसिद्ध झाली. विष टोचल्याला ३ ते १६ वर्षे उलटली होती आणि ते शरीरातून केव्हाच नाहीसे झाले होते. तरीही मायक्रोग्लिया चेतापेशींभोवती गर्दी करून होत्या आणि पेशी मरत असल्याच्या खुणा ताज्या होत्या. तीन मेंदूंवरून सिद्धान्त उभा राहत नाही, हे खरे. पण मूळ कारण संपल्यावरही ऱ्हास चालू राहू शकतो, एवढे त्यातून नक्की दिसते.

हे कसे घडते, याचा धागाही हाती आला आहे. मरणाऱ्या पेशींतून अल्फा-सिन्युक्लिन आणि काळे रंगद्रव्य न्यूरोमेलॅनिन बाहेर सांडते. या दोन्हींमुळे मायक्रोग्लिया चिडतात, त्यांच्या स्रावांनी आणखी पेशी मरतात, आणखी प्रथिन सांडते. सुरुवात जनुकीय दोषाने, कीटकनाशकाने की वार्धक्याने झाली, हा प्रश्न मग मागे पडतो. चक्र कशामुळे फिरत राहते, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. त्यात मेंदूबाहेरच्या रोगप्रतिकारक पेशींचाही हात आहे. २०१७ मध्ये डेव्हिड सल्झर आणि अलेस्सांद्रो सेत्ते यांच्या गटांनी रुग्णांच्या रक्तात अल्फा-सिन्युक्लिनचे तुकडे ओळखणाऱ्या टी-पेशी दाखवल्या. एलआरआरके-२ या जनुकातील बदल तर कंपवाताशी जोडलेले आहेत तसेच क्रोन्स या आतड्याच्या दाहाशीही.

मग दाहशामक औषधे का चालली नाहीत? मिनोसायक्लिन आशादायक वाटले, पण उपचार म्हणून उभे राहिले नाही. पायोग्लिटाझोन २०१५ च्या चाचणीत निष्प्रभ ठरले. या अपयशांवरून दाहाचा मुद्दाच निकालात काढणे घाईचे होईल. एक तर रोगप्रतिकारक पेशी सरसकट दाबल्या तर त्यांचे सफाईचे कामही थांबण्याचा धोका आहे. एएलएस या दुसऱ्या चेताविकारात मिनोसायक्लिनने रुग्णांची घसरण उलट वाढवली होती. दुसरे, आणि अधिक निर्णायक कारण वेळेचे आहे. हात थरथरू लागून निदान होते तोवर डोपामिन पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो, आणि चाचण्यांत घेतले जातात ते असेच रुग्ण.

दाह मात्र त्याआधीच सुरू झालेला असू शकतो. झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडण्याचा विकार असलेल्या अनेकांना पुढे कंपवात किंवा त्याच्या जवळचा आजार होतो. अशा माणसांच्या पेट तपासणीत, कंपवाताची लक्षणे नसतानाही, सबस्टॅन्शिया नायग्रातील मायक्रोग्लिया सक्रिय झाल्याचे २०१७ मध्ये दिसून आले. दाह रोखणाऱ्या औषधाची खरी परीक्षा याच टप्प्यावर व्हायला हवी. त्यासाठी झोपेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची वेळीच नोंद, वर्षानुवर्षे पाठपुरावा आणि रक्तातून मेंदूत शिरू शकणारी औषधे, या तिन्ही गोष्टी लागतील.