ज्याचा घाव ओला आहे, त्यानें दुसऱ्याचा घाव बांधावा काय?

खेडोपाडीं उपदेशकाचें काम करणाऱ्या बंधुभगिनींस एक प्रश्न वारंवार टोंचत असतो. ज्या मोहाशीं किंवा दुःखाशीं आपण स्वतः अद्याप झुंजत आहों, त्याविषयीं दुसऱ्यास सल्ला देण्याचा आपणांस अधिकार आहे काय? कर्जांत बुडालेल्यानें काटकसर शिकवावी काय? ज्याच्या घरीं कलह आहे त्यानें शेजाऱ्याचा तंटा मिटवावा काय? ह्या विचारानें कित्येक मुके होतात, आणि कित्येक आपलें झांकून ठेवून मोठ्या आवाजानें बोलतात. दोन्ही मार्ग आम्हांस बरे वाटत नाहींत. येथें एक घडलेली गोष्ट विचारांत घेऊं.

अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं बिल विल्सन नांवाचा शेअरबाजारांतील एक मनुष्य दारूच्या पायीं धुळीस मिळाला होता. १९३४ च्या डिसेंबरांत त्यानें दारू सोडली. पुढें कित्येक महिने तो इतर दारूबाजांस उपदेश करीत हिंडला, पण एकही सुधारला नाहीं. मात्र त्या खटपटींत तो स्वतः शुद्धीवर राहिला. त्याच्या डॉक्टरानें त्यास सांगितलें कीं, उपदेश कमी कर आणि हा रोग मनुष्याचें काय करितो तें सांग. १९३५ च्या मे महिन्यांत तो ॲक्रन शहरीं धंद्याच्या कामास गेला असतां तें काम फसलें. परक्या गांवीं हॉटेलांत तो एकटा होता, आणि जवळच दारूच्या दुकानांतील हंसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. त्याचें मन डळमळलें. तेव्हां तिकडे न वळतां त्यानें एका पाळकास टेलिफोन केला व आपणांस कोणी दुसरा दारूबाज भेटवावा अशी विनंती केली. १२ मे रोजीं त्याची गांठ डॉक्टर बॉब स्मिथ ह्या शस्त्रवैद्याशीं पडली. डॉक्टर पंधरा मिनिटेंच बसावें ह्या बेतानें आले होते, ते कित्येक तास बसले. कां? समोरचा मनुष्य त्यांस दोष देत नव्हता, तर आपलीच कहाणी सांगत होता. डॉक्टर पुढें एकदां घसरले, परंतु १० जून १९३५ नंतर त्यांनीं दारूस स्पर्श केला नाहीं. त्याच दिवसापासून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ह्या मंडळीचा आरंभ मानितात. तिच्या सभा आज महाराष्ट्रांतही भरतात.

ह्यावरून काय दिसतें? विल्सन बरा झालेला नव्हता, तो झुंजत होता. घाव असणें हें ढोंग नव्हे. घाव नाहीं असें भासविणें हें ढोंग होय. न्यायाधीशास निर्दोष असावें लागतें, साक्षीदारास खरें बोलावें लागतें. आपलें काम साक्षीदाराचें आहे.

कोणी म्हणेल, ‘मग डोळ्यांतील मुसळ व कुसळ ह्यांविषयींच्या शिकवणीचें काय?’ आमच्या मतें ती शिकवण आंधळ्या दोषदर्शनास मना करिते. जो आपल्या डोळ्यांतील मुसळ रोज काढीत आहे, त्यासच डोळा किती नाजूक असतो हें कळतें. त्याचा हात हळू चालतो.

तथापि ह्यास मर्यादा आहेत. जो आजच पीत आहे त्यानें आज दारू सोडण्याचा उपदेश करूं नये. प्रथम स्वतः हात मागावा. तसेंच, आपलें दुःख हलकें करण्यासाठीं दुसऱ्याचे कान वापरणें ही सेवा नव्हे. ऐकणाऱ्यास आधार होईल तेवढेंच सांगावें, आणि मग गप्प राहून त्याचें ऐकावें. तिसरी गोष्ट, जो इतरांस आधार देतो त्यासही आधार देणारा कोणी हवा. विल्सन ह्यास १९४४ नंतर कित्येक वर्षें खिन्नतेनें घेरिलें होतें. त्या काळींही तो इतरांस मदत करीत राहिला, परंतु स्वतः वैद्याकडे जाण्यास लाजला नाहीं.

तर प्रिय वाचकहो, आपण अजून पूर्ण बरे झालों नाहीं म्हणून शेजाऱ्याचें दार टाळूं नका. जावें, पण उंच आसनावर बसूं नये, त्याच्याच घोंगडीवर बसावें. आणि परत येतांना आपल्याही मनाचें ओझें ज्यापुढें उतरवितां येईल अशा एका विश्वासू माणसाचें घर ठाऊक असूं द्यावें.