नरक काढून टाकल्यावर

शेवटी सगळेच तरणार असतील, तर माणसानं चांगलं का वागावं? अठराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात या प्रश्नावरून गाव दुभंगलं होतं. त्या भांडणात एका सधन व्यापाऱ्याची मुलगी पदर खोचून उतरली, ती ज्युडिथ सार्जंट मरे. अमेरिकेच्या पहिल्या स्त्री-नाटककारांत तिची गणना होते. मला तिची नाटकं तिच्या धर्मापासून वेगळी काढता येत नाहीत.

मी कीर्तनकाराची मुलगी. नात्यात कोणी गेलं की गुरुजी गरुडपुराण लावत. वैतरणीचं वर्णन ऐकून आम्ही पोरं रात्री एकमेकांना चिकटून झोपायचो. त्या भीतीनं माझं खोटं बोलणं काही सुटलं नाही, बोलल्यावरची धडधड तेवढी वाढली. म्हणून नरकाचा धाक हवाच, हे ज्युडिथच्या विरोधकांचं म्हणणं मला कळतं, पटत मात्र नाही.

ती 1751 साली जन्मली. तिच्या भावाला हार्वर्डसाठी तयार करायला शिक्षक येत. तिच्या वाट्याला जुजबी शिक्षण आलं. घरचा पंथ कॅल्व्हिनचा. देवानं मोजके लोक आधीच निवडून ठेवलेत, बाकीच्यांना नरक, अशी त्याची शिकवण. 1774 मध्ये जॉन मरे हा इंग्लंडहून आलेला उपदेशक ग्लॉस्टरला पोहोचला आणि ख्रिस्तानं सगळ्यांनाच तारलंय असं सांगू लागला. सार्जंट कुटुंबानं त्याला घरात घेतलं, तसं गावच्या चर्चनं त्या मंडळींचं सभासदत्व रोखलं. त्यांनी 1779 मध्ये स्वतःची मंडळी स्थापन केली. जुन्या चर्चला कर का द्यायचा, म्हणून ते कोर्टातही गेले आणि जिंकले.

ज्युडिथनं 1782 मध्ये सगळे तरतात या मताची प्रश्नोत्तरी छापली, घरातल्या मुलांना शिकवण्यासाठी रचलेली. पहिला नवरा कर्जापायी वेस्ट इंडीजला पळाला आणि तिकडेच वारला. 1788 मध्ये तिनं जॉन मरेशी लग्न केलं. पुढच्याच वर्षी त्यांचं पहिलं मूल जन्मताना दगावलं. अशा मुलाचं काय होतं, याचं कॅल्व्हिनच्या पंथात आईला ठाम उत्तर मिळालं नसतं. तिच्या पंथात ते होतं.

पण तिची खरी झेप 1790 ची. ‘मॅसॅच्युसेट्स मॅगझीन’मध्ये ‘कॉन्स्टॅन्शिया’ या टोपणनावानं तिनं स्त्री-पुरुष समतेवर निबंध लिहिला. आत्मा जर सगळ्यांचा सारखा, तर बुद्धी कमी-जास्त कशी? मुलगा आणि मुलगी दोन वर्षांची असताना तुलना करून बघा, मग फरक कोण पाडतं ते दिसेल, असा तिचा रोख. पुढे ती हव्वेची वकिली करते, आणि ही वकिली मला फार आवडते. हव्वेनं फळ खाल्लं ते ज्ञानाच्या ओढीनं. आदमानं खाल्लं ते निव्वळ बायकोच्या मोहानं, डोळे उघडे ठेवून. मग दुबळं कोण? धर्मग्रंथाला धक्का न लावता त्याच पानावरून निकाल फिरवण्याची ही हातोटी आमच्या वडिलांना कीर्तनात चांगलीच साधायची. त्यांनी टाळी दिली असती.

आता नाटकं. मॅसॅच्युसेट्समध्ये 1750 पासून नाटकांना कायद्यानं बंदी होती. ती 1793 मध्ये उठली आणि पुढच्या वर्षी बॉस्टनचं फेडरल स्ट्रीट थिएटर उघडलं. तिथं 1795 मध्ये ज्युडिथचं ‘द मीडियम’ आणि 1796 मध्ये ‘द ट्रॅव्हलर रिटर्न्ड’ लागलं. पाद्र्याच्या बायकोनं नाटक लिहायचं म्हणजे काय? टीकाकारांनी सोपा मार्ग काढला: हे नवऱ्यानंच लिहिलं असणार. बाईनं बरं लिहिलं की लेखक शोधायला निघण्याची ही खोड काही बॉस्टनपुरती नाही.

‘ट्रॅव्हलर’मधल्या नायिकेचा, मिसेस मॉन्टेग्यूचा, नवरा तिच्या तरुणपणच्या उथळपणामुळे घर सोडून गेलेला. अनेक वर्षांनी तो नाव लपवून परततो आणि त्याला ग्रंथांत रमलेली, स्वतःला घडवलेली बाई भेटते. शेवट समेटाचा. नाटक म्हणून ते बेतासबात आहे, योगायोग जरा जास्तच. पण त्याच दशकातल्या सुझाना रोसनच्या गाजलेल्या कादंबरीत वाट चुकलेली शार्लट टेम्पल शेवटी मरते. ज्युडिथ आपल्या चुकलेल्या बाईला मारत नाही, शिकवते. सुरुवातीच्या प्रश्नाला तिनं रंगमंचावर दिलेलं उत्तर मला इथं दिसतं. मिसेस मॉन्टेग्यू सुधारते ती नरकाच्या धाकानं नाही. तिला वेळ मिळाला आणि पुस्तकं मिळाली, म्हणून.

1798 मध्ये तिनं ही नाटकं आणि निबंध ‘द ग्लीनर’च्या तीन खंडांत काढले. आगाऊ वर्गणीदारांत जॉर्ज वॉशिंग्टन आणि जॉन ॲडम्स होते.

इथं थांबले असते तर तिची आरती झाली असती. नवरा 1815 मध्ये वारल्यावर ती मिसिसिपीतल्या नॅचेझला मुलीकडे गेली आणि 1820 मध्ये तिथंच वारली. जावई मळेवाला, त्याच्या मळ्यावर गुलाम राबत. सगळे आत्मे सारखे म्हणणाऱ्या बाईचे शेवटचे दिवस त्या कष्टांवर उभ्या असलेल्या घरात गेले. देव कोणाला टाकत नाही, हे तिनं हव्वेपर्यंत नेलं, मिसेस मॉन्टेग्यूपर्यंत नेलं. त्या मळ्यापर्यंत नेलं नाही. तिचा सिद्धान्त मला तिच्याहून मोठा वाटतो.